मासळीचे माहेर

पूर्वी अपरान्त देशात, शूर्पारक नगरीत धृतसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तांडेलाच्या कुळात जन्माला आला. आईबापांनी त्याचे नाव वेलाधर ठेवले. समुद्र हेच त्याचे अंगण. पाण्याच्या रंगावरून खाली वाळू आहे की खडक हे तो सांगे, आणि वारा फिरण्याआधीच शीड उतरवी. त्याच्या हाताखाली एकही जहाज बुडाले नाही. राजाने त्याला बंदराचा मुख्य तांडेल केले, घर दिले, मान दिला. पन्नाशी गाठेपर्यंत त्याचे दिवस सुखाचे गेले.

एकदा लांबच्या सफरीवरून परतताना गोडे पाणी भरून घेण्यासाठी त्याने दक्षिणेकडच्या एका खाडीत जहाज वळवले. तरुणपणी तो तिथे येऊन गेला होता. तेव्हा त्या काठावर शंभर घरांची कोळीवस्ती होती आणि मासळी वाळत घालायला जागा पुरत नसे. आता खुंट्यांवर जाळी कुजत होती. होड्यांच्या तळातून गवत वर आले होते. एका ओसरीवर एक म्हातारा तेवढा बसला होता.

"बाबा, गाव कुठं गेलं?" वेलाधराने विचारले.

"जिथं पोट भरेल तिथं गेलं," म्हातारा म्हणाला. "खाडीकाठची तिवरांची झाडं आम्ही तोडली. जळण झालं, घरांना वासे झाले. पुढं दहा वर्षांत मासा संपला. तिवरांच्या मुळांत त्याची पिल्लं वाढतात, हे आम्हाला मागाहून कळलं."

"कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"होतं ना. तुमच्यासारख्या दर्यावर्दी लोकांना होतं. पण ते इथं पाणी भरायचे आणि पुढं जायचे."

म्हाताऱ्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते बोलणे वेलाधराला लागले. पंचवीस वर्षांपूर्वी तोडलेल्या तिवरांचे ढीग त्याने स्वतः इथेच पाहिले होते. हे बरे नव्हे, असे मनातही आले होते. पण भरती साधायची घाई होती, म्हणून तो निघून गेला होता. आता जहाज खाडीबाहेर पडल्यावर तो पुष्कळ वेळ मागे पाहत उभा राहिला. 'मी कुऱ्हाड उचलली नाही,' तो मनाशी म्हणाला, 'पण मला ठाऊक होते आणि मी सांगितले नाही.'

शूर्पारकाला पोचताच तो राजापुढे गेला आणि आपले पद सोडण्याची परवानगी त्याने मागितली.

"एवढा मान सोडून करणार काय?" राजाने नवलाने विचारले.

"आपल्या खाडीकाठी जाऊन राहीन, महाराज. मला जे ठाऊक आहे ते तिथल्या लोकांना सांगेन."

राजा हसला, पण त्याने अडवले नाही.

नगराच्या उत्तरेला मोठी खाडी होती आणि तिच्या काठाने कोळ्यांचे बारा पाडे होते. त्याच सुमारास राजाने नवा प्रासाद बांधायला काढला होता. प्रासादाला चुना हवा, चुन्यासाठी शिंपले भाजायला भट्ट्या हव्यात, आणि भट्ट्यांना जळण हवे. ते जळण तिवरांचे येई. जो एक भारा आणून टाकी त्याला राजाची माणसे पायलीभर तांदूळ देत. बाराही पाड्यांतली माणसे कुऱ्हाडी घेऊन चिखलात उतरत होती. त्यांचा म्होरक्या तुंगिल नावाचा नाखवा होता. अंगाने थोराड, जिभेने तिखट, आणि जाळ्याच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

वेलाधराने पहिल्याच दिवशी लोकांना वडाखाली जमवले आणि तिवरे कशी राखावीत ते सांगू लागला. तुंगिल मध्येच उठला.

"तांडेल, तुम्ही जन्मभर उंच जहाजावरून दर्या पाहिलात. कधी खाडीत उतरून जाळं ओढलंत?"

"नाही," वेलाधर म्हणाला.

"मग आम्हाला मासळी शिकवायला कशाला आलात?"

लोक खदखदून हसले. वेलाधराला राग आला नाही असे नाही. पण तो क्षणभर थांबला, आणि हा माणूस खरे तेच बोलतो आहे असे त्याला दिसले.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "मग आधी तुम्ही मला शिकवा."

दुसऱ्या दिवसापासून कालपर्यंत राजाचा मुख्य तांडेल असलेला वेलाधर तुंगिलाच्या होडीवर खलाशी झाला. दोराने त्याचे तळवे सोलून निघाले. जाळे चुकीचे पडले की तुंगिल सगळ्यांदेखत ओरडे, आणि वेलाधर ते मुकाट्याने ऐकून पुन्हा जाळे टाकी. असे एक वर्ष गेले. या वर्षात त्याने उपदेशाचा एक शब्दही काढला नाही. तो फक्त विचारी. संध्याकाळी जाळी दुरुस्त करीत बसलेल्या म्हाताऱ्यांना तो म्हणे, "तुमच्या लहानपणी इथं जिताडा मासा केवढा मिळायचा?" म्हातारे दोन्ही हात फाकवून दाखवत. "आणि आता?" हात जवळ येत, आणखी जवळ येत.

त्या खाडीत पुन्नी नावाची एक वृद्ध बाई ओहोटीच्या वेळी तिसऱ्या, म्हणजे लहान शिंपल्या, वेचायला येई. साठ वर्षे ती त्या चिखलात वावरत होती. एके दिवशी तिने वेलाधराला हाक मारून तिवरांच्या मुळांशी नेले आणि ओंजळीत पाणी घेतले. "बघ, बाबा." वेलाधराला काहीच दिसेना. "गढूळ पाण्यात नाही दिसायचं," ती म्हणाली. "पण माझ्या बोटांना कळतं."

वेलाधराने नगरातल्या आपल्या घरून काशाची एक परात आणली. घासून पुसून ती आरशासारखी केली आणि मुळांमधले ओंजळभरच पाणी हलकेच तिच्यात ओतले, म्हणजे त्याचा थर पातळ राहिला. चकाकत्या तळावर पिल्ले दिसू लागली. नखाच्या कातरणीएवढी, काचेसारखी आरपार, आणि प्रत्येकाला दोन काळे ठिपके, ते डोळे. मुठीएवढ्या पाण्यात तीस-चाळीस जीव. पुन्नीने हे जन्मभर हाताने ओळखले होते, डोळ्यांनी आज पाहिले. ती परातीवर वाकून एकेक पिल्लू मोजू लागली.

मग ती दोघे पाड्यापाड्यातून फिरू लागली. परात वेलाधर धरी आणि बोलणे पुन्नीचे असे, कारण लोक तिचे ऐकत. ओहोटीला माणसे गुडघाभर चिखलात परातीभोवती दाटीने उभी राहत. पुन्नी म्हणे, "लेक बाळंतपणाला कुठं येते गं? माहेरी. तसं हे मासळीचं माहेर. आणि लेक आत असताना आपण घराचे वासे काढून भट्टीत घालतोय." बाया एकमेकींकडे पाहत. घरी गेल्यावर पुरुषांच्या कुऱ्हाडी त्या कुठेतरी ठेवून देत आणि कुठे ठेवल्या ते विसरत.

तुंगिल मात्र कधीच आला नाही. "परातीतल्या किड्यांवर माझी पोरं जेवायची नाहीत," तो म्हणे, आणि भारा उचलून भट्टीकडे चालू लागे.

जळण कमी येऊ लागले तसे भट्टीवाल्यांनी राजाकडे गाऱ्हाणे नेले. राजा रागावून स्वतःच खाडीवर आला. वेलाधराने काही वाद घातला नाही. "महाराज, पादत्राणं काढून चार पावलं आत या," एवढेच तो म्हणाला. राजा चिखलात उतरला. पुन्नीने परात त्याच्यापुढे धरली. राजा वाकून पाहत राहिला, त्याच्या उत्तरीयाचे टोक पाण्यात भिजले तरी त्याचे लक्ष नव्हते. सरळ होऊन त्याने तिथेच आज्ञा केली, "भट्ट्या विझवा. आजपासून जो तिवरावर कुऱ्हाड घालील त्याचा हात तोडला जाईल." लोकांनी जयजयकार केला. एकट्या वेलाधराचा चेहरा उतरला.

पंधरा दिवसांनी, भर दुपारी, तुंगिल तिवर तोडताना सापडला. शिपायांनी त्याला दोरीने बांधून राजापुढे उभे केले. बातमी कळताच वेलाधर धावत नगरात आला.

"का तोडलंस?" राजा विचारत होता.

"नगराच्या बाजारात जळण विकून तांदूळ आणायला," तुंगिल खाली पाहून म्हणाला. "तीन महिने झाले, जाळं रिकामं येतंय. भट्टीवर तांदूळ मिळायचा, तोही गेला. घरात चार पोरं आहेत."

"आज्ञा ठाऊक होती?"

"होती."

राजाने शिपायाला खूण केली. तेव्हा वेलाधर पुढे झाला.

"महाराज, कालपर्यंत आपणच तांदूळ देऊन ही कुऱ्हाड चालवत होता. आणि माझी चूक त्याहून मोठी. मी याच्या ताटातला भात काढून घेतला आणि त्या जागी शहाणपण वाढलं. शहाणपणानं पोरांची पोटं भरत नाहीत."

राजा विचारात पडला. "मग काय करावं म्हणतोस?"

"पावसाचे तीन महिने दर्या बंद असतो. तेव्हा ही माणसं खाडीवरच जगतात, आणि नेमकी तेव्हाच मासळी गाभोळीवर, म्हणजे अंड्यांवर, असते. तेवढे तीन महिने कोठारातून बाराही पाड्यांना तांदूळ द्या. लोक तिवरं तोडणार नाहीत, आणि तेव्हा खाडीतली मासेमारीही आपण होऊन बंद ठेवतील. पहारे नकोत."

"आणि नाही ठेवली तर?"

"तर याच्या हाताऐवजी माझा घ्या."

राजाने वेलाधराच्या हाताकडे पाहिले. त्यावर दोराचे वळ होते, एका वर्षाचे. "सोडा त्याला," तो म्हणाला.

खाडीकडे दोघे बरोबरच परतले. वाटेत तुंगिल म्हणाला, "मी तुमचं कधी ऐकलं नाही. हात कशाला गहाण टाकलात?"

"या हाताला जाळं तुम्हीच शिकवलंत," वेलाधर म्हणाला. "निम्मा तुमचाच आहे."

तुंगिल हसला नाही. पण दुसऱ्या दिवशी ओहोटीला परातीभोवतीच्या घोळक्यात सगळ्यांच्या मागे तो येऊन उभा राहिला. माणसे पांगल्यावर पुढे झाला, उकिडवा बसला आणि परातीत पाहत राहिला. भरतीचे पाणी पायाला लागेपर्यंत तो उठला नाही.

त्या पावसाळ्यात खाडीत जाळे पडले नाही. कोठारातून तांदूळ आला, कधी उशिरा आला, काही पाड्यांत कुरबुर झाली. बायांनी तिवराच्या शेंगा वेचून उघड्या चिखलात रोवल्या. निम्म्या भरतीबरोबर वाहून गेल्या, त्यांनी पुन्हा रोवल्या. दुसऱ्या वर्षीही जाळी हलकीच येत होती आणि लोक वेलाधराच्या तोंडाकडे पाहत. तो रोजच्यासारखी परात घासून निघे. चौथ्या वर्षी बोई माशांचे थवे आले, आणि त्यांच्यामागून जिताडा आला.

त्या वर्षी खाडी बंद व्हायला अजून आठ दिवस होते. वेलाधर बांधावरून एकटाच येत होता. खाली तुंगिल आपल्या होडीत एकटा जाळे ओढत होता. त्याला बांधावर कुणी आहे हे ठाऊक नव्हते. जाळ्यात जिताडा आला, हातभर लांब, पोट गाभोळीने फुगलेले. असा मासा त्या खाडीत वीस वर्षांत कुणी पाहिला नव्हता. तुंगिलाने आजूबाजूला पाहिले. मग दोन्ही हातांनी मासा उचलला, पोटाला धक्का न लावता पाण्याखाली धरला, आणि त्याने शेपटी हलवेपर्यंत तसाच धरून ठेवला. मासा गेला. तुंगिलाने हात धुतले आणि जाळे पुन्हा टाकले.

वेलाधराने हाक मारली नाही. तो आवाज न करता बांधावरून पुढे निघून गेला.

शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, ही गोष्ट नंदिल नावाच्या भिक्षूला सांगितली. तो एका आडगावात धर्म सांगायला गेला होता आणि चारच महिन्यांत परत येऊन म्हणाला होता, "भगवन्, ती माणसं दगड आहेत. त्यांच्यापुढं बोलणं व्यर्थ आहे."

गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे पावसाळ्यात आपल्या संघाला भात पुरवणारा तो गृहस्थ. पुन्नी म्हणजे आजची ती वृद्ध भिक्षुणी, जी अवघड धर्मही चार घरगुती शब्दांत समजावते. आणि वेलाधर तांडेल मी होतो."

"आणि तुंगिल?" नंदिलाने विचारले.

"तुंगिल तू होतास."

नंदिलाने आपले पात्र उचलले, शास्त्यांना वंदन केले आणि त्या गावाची वाट धरली.

ज्याला ठाऊक आहे त्याने न ऐकणाऱ्याच्या शेजारी बसावे, त्याच्याकडून शिकावे, त्याच्या भुकेची काळजी वाहावी आणि पुन्हा सांगावे, हीच क्षांती पारमिता, म्हणजे सहनशीलतेची परिपूर्णता.