जाणतीबाई आणि जांभळ्या देठाचा कंद

फार पूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, धुक्यात बुडालेलं एक राज्य होतं. तिथे माणूस दिसायच्या आधी त्याचा आवाज ऐकू यायचा. सकाळी तळ्यावर धुकं उतरलं की बगळे हवेतच उभे आहेत असं वाटायचं.

या राज्यातल्या लोकांना प्रश्नांचं फार वेड. जत्रेत कुस्त्यांऐवजी प्रश्नांचे फड रंगत. पहिल्या राजाचा घोडा कोणत्या रंगाचा होता, सोंगाड्या खेळाच्या शेवटी कोणतं गाणं म्हणतो, कोणता पक्षी स्वतःचं घरटं बांधतच नाही, खिरीत गूळ कधी घालावा, काहीही विचारायचं. आणि सगळ्यांची उत्तरं एकाच बाईकडे असायची. तिचं नाव कमळजा. राणीनं तिला आपल्या शेजारी चौरंग दिला होता. लोक तिला जाणतीबाई म्हणत.

उत्तर देताना कमळजाला फार बरं वाटे. प्रश्न कानावर पडला की उत्तर आतून अलगद वर येई, पाण्याखालून कळी वर यावी तसं. लोक माना डोलावत, आणि तिला वाटे, आपण याचसाठी जन्माला आलो. ‘माहीत नाही’ हे शब्द तिच्या तोंडून कुणी कधी ऐकले नव्हते. तिनं स्वतःही नाही.

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. धुकं मात्र रोज येई, पण त्यानं ना माती भिजे, ना तहान भागे. तळं आटलं. कणग्या रिकाम्या झाल्या. लोक पाला उकडून खाऊ लागले, आणि मग पालाही संपला.

अशात लाकूडतोड्यांना वरच्या उतारावर एक कंद सापडला. जांभळ्या देठाचा, माणसाच्या डोक्याएवढा. जिथे खणावं तिथे तो होता, सगळं राज्य जगेल इतका. पण तो कुणी खाल्लेला नव्हता. सगळे तो घेऊन राणीकडे आले. सोनकी नावाची एक बाई पुढेच उभी होती. तिच्या कडेवरच्या लेकीची मान भुकेनं कलली होती. दुसऱ्या हातात तिनं कंदाचा तुकडा धरला होता.

राणीनं विचारलं, “कमळजा, हा खाता येतो का?”

कमळजा उत्तर वर यायची वाट पाहत राहिली. काहीच आलं नाही. आत नुसती शांतता होती, आटलेल्या तळ्यासारखी. पानं सुरणासारखी दिसतात, तिच्या मनात आलं. सुरण आपण खातोच की. ‘हो’ तिच्या ओठांपर्यंत आलं. सगळे डोळे तिच्याकडे लागले होते. तिची मान नुसती हलल्यासारखी झाली आणि तेवढ्यानंच सोनकीनं तुकडा लेकीच्या तोंडाशी नेला.

कमळजानं चौरंगावरून उतरून तिचं मनगट धरलं.

“थांब,” ती म्हणाली. “मला माहीत नाही.”

मागे एक म्हातारा हळू आवाजात रडू लागला. धुक्यात आपण एकटेच उभे आहोत आणि सगळं जग दूर गेलं आहे, असं कमळजाला वाटलं. मग आयुष्यात प्रथमच तिनं लोकांना प्रश्न केला. “तुमच्यापैकी कुणाला काही ठाऊक आहे का? अर्धंमुर्धं असलं तरी सांगा.”

एक धनगर चाचरत बोलला. रानडुकरं हा कंद उकरतात, पण लगेच खात नाहीत; ओढ्याच्या धारेत लोटून देतात आणि मागाहून येऊन खातात. एका म्हाताऱ्या शिपायाला आजोबांची गोष्ट आठवली. गडाला वेढा पडला तेव्हा माणसं जांभळ्या देठावर जगली होती, पण घाईनं कच्चा खाणारे दगावले होते. त्यावर सोंगाड्या चमकला. त्याच्या खेळात सासू सुनेला म्हणते, ‘राख लाव गं, राख लाव, कडू पाहुणा गोड कर’. इतकी वर्षं लोक त्या ओळीला नुसते हसत आले होते. मुदपाकखान्यातल्या आचारणीनं सांगितलं, शिजलेला तुकडा ओठाला लावून पाहावा. चुणचुणलं तर अजून धुवायला हवा.

कमळजानं हे सगळं मनात जुळवलं. कंद चिरायला लावले, राखेच्या पाण्यात उकळवले, डोंगरातल्या एका बारीक झऱ्याच्या धारेखाली ठेवले, पुन्हा शिजवले. पहिला घास तिनं स्वतः घेतला. राणी नको म्हणत होती, पण तिनं ऐकलं नाही. लोक तिच्याभोवती बसून राहिले. ऊन उतरलं, सावल्या लांबल्या, आणि कमळजा म्हणाली की तिला पुन्हा भूक लागली आहे.

त्या संध्याकाळी घरोघर चुली पेटल्या. सोनकीची लेक खाऊन झोपी गेली, आणि सोनकी तिचा श्वास ऐकत बसून राहिली.

पाऊस पुढच्या वर्षी आला. तोवर त्या राज्यातलं एकही माणूस भुकेनं गेलं नाही. कमळजा आता दारोदार जाऊन लोकांना विचारत असे, आणि जिच्यासमोर बोलायला पूर्वी सगळे बिचकत, तिला लोक उंबऱ्यावर बसवून घेऊन आपल्या आठवणी सांगत.

ज्याला ‘मला माहीत नाही’ असं म्हणता येतं, त्याच्याजवळच सगळ्यांचं शहाणपण गोळा होतं.