हौसा घिसाडणीचा मिटता चाकू

फार वर्षांपूर्वी, खैरदऱ्याच्या डोंगरावर खैराची दाट झाडी होती आणि गढीच्या बुरुजाला एकही तडा गेला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. ज्यांनी ती पाहिली त्यांनी पोरांना सांगितली, पोरांनी नातवंडांना. गढीतल्या कागदांत ती सापडणार नाही. हैबतराव जहागीरदाराने किती देवळं बांधली, तेवढंच त्या कागदांत आहे. हौसा घिसाडणीचं नाव तिथे शोधू नका. ते लोकांच्या तोंडी आहे, आणि लोकांची तोंडं अजून कुणाला इनाम मिळालेली नाहीत.

हैबतरावाला लोक शूर म्हणत, कारण तसं म्हणावं लागे. खरं तर विळा घेऊन गवताला निघालेली बाई समोरून आली, तरी घोड्याच्या आधी तो बुजायचा. एका वर्षी त्याने दवंडी पिटवली. गावातलं प्रत्येक पातं गढीत जमा करायचं. विळे, कोयते, सुऱ्या, न्हाव्याचा वस्तरा, सुपारीचा अडकित्तासुद्धा. सकाळी दारात उभं राहून मागून न्यायचं, दिवस मावळायच्या आत परत आणून द्यायचं. बाजाराच्या आणि सणाच्या दिवशी तर मिळायचंच नाही, कारण त्या दिवशी माणसं एकत्र जमतात.

लोकांनी सोसलं. बुक्कीने कांदे फोडले, उसाची कांडी गुडघ्यावर मोडली. गावातले सगळे पुरुष गोसाव्यासारखे दिसायला लागले. "आता दात बी जमा करून घेतील," असं म्हणून म्हाताऱ्या हसायच्या. हसता येतं तोवर माणूस सोसत राहतो, आणि सोसणाऱ्यांच्या जिवावरच गढ्या उभ्या राहतात.

दर वर्षी सुगी संपली की गेनू घिसाडी आणि त्याची बायको हौसा गाडी घेऊन खैरदऱ्याला यायची. गेनू सांडशीत लोखंड धरायचा आणि हौसा घण मारायची. तिच्या घणाचा ठोका चुकलेला कुणी ऐकला नाही, असं म्हणतात.

त्या वर्षीच्या एका बाजारात मोठ्या विहिरीवरच्या मोटेचं चाक अडकलं, म्हणून गेनू ते सोडवायला वर चढला. चाक सुटलं आणि बैल दचकून धावले. मोटेचा नाडा, तो मनगटाएवढा जाड दोर, गेनूच्या पायाला आणि गळ्याला गुंडाळला गेला, आणि भरलेल्या मोटेसकट तो पाण्यात गेला. पोहता त्याला येत होतं. पण वरून ओढावं तर गळ्याचा फास आवळे, आणि सोडावं तर मोट त्याला खाली नेई. नाडा कापण्यावाचून उपाय नव्हता.

"पातं द्या," हौसा म्हणाली. "कुणी बी द्या. विळा द्या, सुरी द्या."

विहिरीभोवती सगळा बाजार उभा होता आणि सगळ्यांचे हात रिकामे होते. घिसाड्यांची छिन्नी आणि कानससुद्धा गढीत होती. एक जण धावत गढीवर गेला. दारावर लिंबा राखणदार होता, पात्यांच्या कोठाराची चावी त्याच्या कमरेला असायची.

"कुणाचं पातं पायजे?"

"कुणाचं बी दे रं. माणूस मरतंय तिकडं."

"आज बाजार हाय. सरकारांना इचारल्याबिगर देता येत न्हाई."

सरकार जेवत होते. लिंबा दाराशी हात जोडून जेवण उरकायची वाट पाहत राहिला. इकडे हौसा विहिरीत उतरली आणि तिने नाडा दातांनी तोडला. तिचे पुढचे दोन दात त्या नाड्यात रुतून राहिले, असं म्हणतात. नाडा तुटला, पण गेनू गेलेला होता.

दिवसकार्य झालं. घिसाड्यांची गाडी आता हलणार, असं गावाला वाटलं. ती हलली नाही. हौसाने ऐरण चिंचेखाली रोवली, आणि सांडशी आणि घण दोन्ही एकटीने धरायला शिकली. शोक करायला आलेल्या बायकांना ती म्हणाली, "रडू नका माझ्यासंगं. मला खैराचं लाकूड आणून द्या. ह्या गावात आता एक माणूस बिनपात्याचं फिरायचं न्हाई."

"आन् झडती घेतली तर, बाई?"

"घिऊ द्या की. पातं दिसलं तर सापडंल ना."

तिने विचार केला तो असा. म्यान असलं की ते दिसतं. मग पात्याचं म्यान वेगळं नकोच. मूठ हेच त्याचं घर. पातं बोटाएवढं, गाडीत झिजून पडलेल्या कानशींच्या पोलादाचं, तापवून तेलात विझवलेलं. खैराच्या मुठीला उभी चीर, आणि मिटलं की पातं त्या चिरेत निजणार. एका टोकाला पितळेची खीळ, तिच्यावर पातं फिरणार. मुठीच्या पाठीत एक पोलादी कमान, ती पात्याला दाबून धरणार. पात्यावर नखापुरती खाच, उघडायला.

पहिला चाकू तिच्याच बोटावर मिटला आणि बोटाचं पेर गेलं. ते पेर तिने भट्टीत टाकलं आणि कमानीला खटका केला. आता पातं एकदा उघडलं की खटका दाबल्याशिवाय मिटेना. शेवटी मुठीच्या बुडाला एक कडी. पुरुषांनी तो धोतराच्या आत करदोड्याला बांधावा, बायकांनी चंचीत पान-सुपारीच्या खाली ठेवावा.

पण खरी करामत पुढे आहे. चाकू हवा असलेल्या प्रत्येकाला ती आधी ओल्या मातीचा गोळा द्यायची आणि म्हणायची, मूठ आवळ. त्या ठशावरून ती मूठ घडवायची, आणि अंगठा जिथे पोचतो तिथेच खाच आणि खटका बसवायची. ज्याचा ठसा त्याच्या हातात चाकू फुलासारखा उघडायचा, दुसऱ्याच्या हातात तो नुसता लाकडाचा तुकडा. "हिसकावून नेला तर नेऊ दे," हौसा म्हणायची. "नेणाऱ्याच्या कामाचा न्हाई."

आणि उघडताना तो वाजायचा. खट्ट. एकाने विचारलं, "बिनआवाजाचा कर की." ती त्याच्यावर उखडली. "लपवायचा तो कुणी नेऊ नये म्हणून. वापरताना चोरागत कशाला वापरायचा? तुझाच हाय ना?"

वर्षभरात गावात पातं नाही असं माणूस उरलं नाही. आणि एका बाजारादिवशी शिपायाने तो आवाज ऐकला. चिमाआजी चिंचेखाली सुपारी कातरत बसली होती.

"म्हातारे, काय वाजलं?"

"माझं गुडघं."

"चंची दाव."

"दावते की. तुझ्या आज्याला बी दावली न्हवती, तुला दावते."

शिपायाला लाकडाचा तुकडा सापडला. त्याने ओढला, पिळला, दगडावर आपटला. उघडेना. "खेळणं हाय नातवाचं," आजी म्हणाली. "तुला खेळता येत न्हाई तर दे हिकडं."

तो तुकडा गढीत गेला. हैबतरावानेही ओढला, पिळला. त्याला राग यायला हवा होता, पण आली हाव. सत्तेचं असंच असतं. जे चिरडता येत नाही ते तिला आपल्या पेटीत हवं असतं. चिरेत पात्याची पाठ चमकताना त्याला दिसली, आणि असं काम घिसाडणीशिवाय कुणाचं नसणार, म्हणून त्याने हौसाला बोलावून घेतलं.

"असा एक मला कर. मुलखात कुणाकडे नसेल असा. आमच्या आज्याची तलवार मोडली आहे, तिचं पोलाद घे. हस्तिदंत घे, सोन्याची तार घे. खंडेनवमीला दरबारात उघडणार आहे मी तो."

"न्हाई केला तर?"

"तर तुझी ऐरण विहिरीत जाईल. आणि तिच्यामागे तू."

"करते," हौसा म्हणाली. "मूठ द्या तुमची." आणि तिने मातीचा गोळा पुढे केला.

भटक्या बाईने मळलेल्या मातीत जहागीरदाराने हात घालायचा? दरबारी हसले. हैबतरावाने नाक मुरडलं आणि दाराकडे बोट केलं. "लिंबाची घे. हात सगळ्यांचे सारखेच."

आयुष्यात तो एकदाच खरं बोलला, आणि तेही मनात नसताना.

लिंबा पुढे आला. हौसाने त्याला ओळखलं.

"तुझी का रं मूठ?"

"सरकारांनी सांगितलं."

"त्या दिशी बी सरकारांनीच सांगितलं व्हतं."

लिंबाने माती आवळली, इतकी की ती बोटांच्या फटींतून बाहेर आली.

हौसाने तो चाकू दिवाळीचा कंदील करावा तशा निगुतीने केला. तलवारीच्या पोलादाला तिने पुन्हा पुन्हा घडी घातली, तेव्हा पात्यावर पाण्याच्या लाटांसारख्या रेघा उठल्या. हस्तिदंताच्या दोन फाकांमध्ये पातं असं बसवलं की मधून केससुद्धा जाऊ नये. कमानीवर सोन्याच्या तारेची वेल, खिळीवर माणकाचा ठिपका. ते पातं पाण्यात धरलं तर पाणी दुभंगायचं, असं म्हणतात. कष्टात तिने तसूभर कसूर ठेवली नाही. वैऱ्याचं काम वाईट करणं तिला कमीपणाचं वाटे.

खंडेनवमीला दरबार भरला. बाहेर सगळं गाव जमलं होतं, झडती देऊन, हात रिकामे दाखवून. हैबतरावाने चाकू तबकातून उचलला आणि पाहुण्यांसमोर धरला. ओढला. उघडेना. दुसऱ्या हाताने ओढला. नख मोडलं. एका पाहुण्याला खोकला आला, आणि तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं.

"हौसा, हे उघड."

"मला न्हाई उघडत," हौसा म्हणाली. "ज्याची मूठ दिलीत त्याचा चाकू हाय तो."

हैबतरावाने चाकू लिंबाच्या अंगावर फेकला. "उघड, आणि दे इकडे."

लिंबाने तो झेलला. अंगठा आपोआप खाचेवर गेला. खट्ट. तो आवाज तीन डोंगरांवर ऐकू गेला, असं म्हणतात. जन्मभर ज्याने दुसऱ्यांची पाती सांभाळली, त्याच्या हातात पहिल्यांदा स्वतःचं पातं होतं.

"ठेव खाली," जहागीरदार म्हणाला.

लिंबा उभाच राहिला.

"ऐकू येत नाही? खंडेनवमी आहे, हत्यार खाली मांड."

"मांडत न्हाई," लिंबा म्हणाला.

एवढंच. त्याने आवाज चढवला नाही. पण बाहेर ते ऐकू गेलं, आणि चंच्यांतून, धोतरांच्या आडून, लुगड्यांच्या ओच्यांतून सगळ्या गावाचे चाकू एकदम उघडले. खट्ट. गढीतली कबुतरं उडाली ती पुन्हा कधी तिथे बसली नाहीत.

लिंबा वळून कोठाराकडे चालत गेला. कमरेला चावी होती, पण तिला त्याने हात लावला नाही. त्याने पातं कडीवर ठेवलं आणि लोखंडाची कडी उसाच्या कांड्यासारखी चिरली. लोक आत गेले, आपापले विळे-कोयते उचलून घरी गेले. न्हाव्याने त्याच संध्याकाळी दाढ्यांना हात घातला. शिपाई पाहत राहिले. रक्ताचा एक थेंबही सांडला नाही. अशा दिवसाला पुढे काही शहाण्यांनी दंगा असं नाव दिलं. देऊ द्या. ज्यांनी बाजारादिवशी विहिरीत माणूस मरू दिला, त्यांना कुणी कधी काय नाव दिलं?

लिंबा हौसाच्या ऐरणीपाशी आला आणि चाकू तिच्यापुढे धरला. "मला नगं," तो म्हणाला. "त्या दिशी मी आत न इचारता दिलं असतं, तर..."

"ठिव तुझ्यापाशी," हौसा म्हणाली. "तुला माफी न्हाई देत मी. चाकू दिलाय. पुन्हा कुणी पातं मागितलं तर इचारायला जाऊ नगंस."

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली गाडी नव्हती. हौसा कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नाही. पण जिथे जिथे लोकांच्या हातातलं काढून घेतात, तिथे तिचा घण ऐकू येतो, असं म्हणतात.

आता शहरात काचेच्या कपाटांत परदेशी पोलादाचे मिटते चाकू मखमलीवर ठेवलेले असतात. असतील चांगले. खैरदऱ्याचा चाकू विकत मिळत नाही. कुणी मागायला आलं तर लोक मातीचा गोळा पुढे करतात, आणि बरेच पाहुणे हात न भरवता परत जातात. नवी सून आली की माप ओलांडायच्या आधी तिच्या मुठीचा ठसा घेतात.

आणि खंडेनवमीला, साऱ्या मुलखात लोक हत्यारं पाटावर मांडून हळद-कुंकू वाहतात, तेव्हा खैरदऱ्यात पाट रिकामा असतो. गाव विहिरीपाशी जमतं. पुजारी रीत म्हणून मोठ्याने सांगतो, "हत्यारं खाली मांडा." गावातली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे होते आणि म्हणते, "मांडत न्हाई." मग प्रत्येकाच्या हातातल्या उघड्या पात्याला पुजारी उभ्यानेच कुंकू लावत फिरतो.