बिनसुरकुतीचे लोड

वज्रगडच्या राजाने परमुलखातल्या एका रंगाऱ्याला पंचवीस फटक्यांची शिक्षा सुनावली. गुन्हा एवढाच, की राजाची मिरवणूक जाताना तो हसला. त्याला सोडवायला त्याच्या राज्याचे दूत विसाजीपंत भर दुपारी दरबारात आले.

"आमच्या कारभारात बाहेरच्यांनी नाक खुपसू नये," राजा गुरगुरला. "आणि आमचा चाबूक मुळी लागतच नाही. विचारा कुणालाही!"

"लागत नाही," दोन्ही बाजूंना बसलेले चाळीस मानकरी एका सुरात म्हणाले. कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. पंतांनी नीट पाहिलं. प्रत्येकाच्या पाठीमागे पांढराशुभ्र लोड होता आणि एकाही लोडाला सुरकुती नव्हती.

"महाराज, यांना फक्त लोडाला टेकून बसायला सांगा," पंत म्हणाले. "टेकले, तर मी आल्या पावली परत जातो."

"टेका रे!" राजा ओरडला.

कुणी हललं नाही. शेवटी एक म्हातारा मानकरी मागे रेलला आणि ओठ चावून लगेच सरळ झाला. लोडावर लाल ओल उमटली होती.

"नाजूक झालीत ही माणसं!" राजा म्हणाला.

"मग आपण टेकून दाखवा, महाराज."

राजाच्या मागचा मखमली लोडही कोरा करकरीत होता. तो बराच वेळ ताठ बसून राहिला.

"रंगाऱ्याला सोडा," तो म्हणाला. मग वडिलांच्या आठवणीने लहान मुलासारख्या आवाजात पुटपुटला, "आबासाहेब फार जोरात मारायचे हो. अजून टेकवत नाही."