पोयवलीच्या धुराड्याखालची सुट्टी

पोयवलीचा घाट उतरताना उजव्या हाताला एक खळगा दिसतो. खळग्यात विटांचे एक धुराडे उभे आहे. भोवती भिंत नाही, छप्पर नाही, नुसते गवत. त्याच्या पायथ्याशी वस्तूंचा ढीग पडलेला असतो. गंजलेली तागडी, शिलाई यंत्राचे चाक, पिठाच्या गिरणीचा झिजलेला दगड, कुठल्या तरी केशकर्तनालयाची रंग उडालेली पाटी. जाखमातेच्या दर्शनाला आलेले पाहुणे परतताना हमखास विचारतात, की हे भंगार इथे कोण टाकते?

देवळातला म्हातारा जनू गुरव त्यांना पायरीवर बसवतो. "भंगार नाय ते," तो म्हणतो. "ती सुट्टी हाय." आणि मग आजोबांकडून ऐकलेली हकीकत सांगू लागतो.

फार वर्षांपूर्वी, म्हणे, या गावात कुंभारांची पाच घरे होती. पावसाळा सोडला तर चाक कधी थांबायचे नाही. त्या घरांपैकी एकातला गुणाजी. अंगाने काटक, आवाजाने खणखणीत. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. बायकोचे नाव आवडी. तीही कुंभाराचीच लेक. कौल थापून झाले, की ती त्याची कड अंगठ्याने दाबून घ्यायची, आणि तिच्या नखाची एक चंद्रकोर प्रत्येक कौलावर उमटायची. सासू ओरडायची, पण ती खोड काही जायची नाही.

त्या सुमारास मुकुंदशेट खातू गावात परतला. दक्षिणेकडच्या मोठ्या कौल कारखान्यात त्याने बारा वर्षे काढली होती. येताना त्याने एक लाल, चपटे, खाचांचे कौल आणले. असले कौल पोयवलीने तोवर पाहिले नव्हते. पाचही घरांच्या कर्त्यांना बोलावून त्याने ते ओटीवर ठेवले आणि म्हणाला, "माती तुमची, हात तुमचे, भट्टी माझी. आपण सगळे भागीदार." कुंभारांनी ते कौल हातोहात फिरवले, बोटाने वाजवून पाहिले आणि होकार दिला. अशी कारखान्याची सुरुवात झाली.

प्रश्न होता जागेचा. जागा दोन होत्या. एक वरचा सडा, कातळाचा, कोरडा. पण तिथे माती डोक्यावरून वाहून न्यावी लागली असती. दुसरी जागा म्हणजे हा खळगा, गावच्या तळ्याच्या बांधाखालचा. माती पायाखाली, पाणी हाताशी. मुकुंदशेटने देवीला विचारायचे ठरवले. आमच्याकडे छपरावरच्या कौलाला आणि देवीच्या कौलाला शब्द एकच. मूर्तीच्या दोन्ही अंगांना पाण्यात बुडवलेली पाने चिकटवतात. उजवे पडले तर होकार, डावे पडले तर नकार.

मुकुंदशेटने खळगा मागितला. पान डावे पडले. त्याने पुन्हा कौल लावायला सांगितला. पुन्हा डावे. तिसऱ्या वेळी तो गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर कपाळ टेकून बसला, उठेचना. दुपार कलली, तेव्हा उजवे पान सुटले. शेट आनंदाने उभा राहिला. पण तेव्हाचा गुरव म्हणाला, "शेट, आईनं हो म्हटलं नाय. तुम्ही सोडत नाय, म्हणून तिनं हात सोडलान."

गुणाजी तेव्हा देवळाच्या दाराशी उभा होता. त्याने ते ऐकले. पण मातीच्या टोपल्या सड्यावर चढवायच्या नाहीत, याचा त्यालाही आनंदच झाला होता.

भट्टी पेटली. धुराडे उभे राहिले. पोयवलीची कौले मचव्यांतून बंदरोबंदरी जाऊ लागली. चार-पाच वर्षांत काम इतके वाढले, की घरच्या भागीदारीत ते मावेना. मुकुंदशेटने मुंबईचे भांडवलवाले गाठले, आणि कारखान्याची कंपनी झाली. संचालक मुंबईत बसणार, कारखाना इथे चालणार. कुंभारांच्या पाच घरांनी कागदावर अंगठे उठवले. त्या संध्याकाळपर्यंत ते मालक होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीच्या वहीत त्यांची नावे आली.

हजेरी घ्यायला गुणाजीला नेमले. दारात लोखंडी रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. सकाळी आठला तो त्यावर हातोडा मारायचा, नावे पुकारायचा, आणि एकेक जण "हाय" म्हणत आत जायचा. संध्याकाळी पुन्हा हातोडा पडायचा आणि गुणाजी ओरडायचा, "सुट्टी!" ती हाक खाडीपलीकडे ऐकू जायची, असे सांगतात.

पुढे बांध पाझरू लागला. मुकुंदशेटच्या ते ध्यानात आले, आणि कारखाना सड्यावर हलवावा, असे त्याने मुंबईला लिहिले. उत्तर आले, की हलवायचे तर भट्टी वर्षभर थंड राहील, तेव्हा बांधालाच चुना लावून घ्यावा. शेटने ते पत्र वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि चुना मागवला. त्याने भांडायला हवे होते. भांडला नाही.

भाद्रपदातल्या एका दुपारी बांध फुटला. गुणाजी मचव्यात कौले भरायला धक्क्यावर गेला होता. त्याने आवाज ऐकला, तो पाण्याचा वाटलाच नाही. डोंगर खाकरल्यासारखा वाटला. धावत आला तेव्हा खळगा भरून गढूळ पाणी फिरत होते आणि त्यातून नुसते धुराडे वर दिसत होते. वाळवणाच्या मांडवात तेरा माणसे होती. नऊ दिवस गाव गाळ उपसत होते. बारा जण सापडले. आवडी सापडली नाही.

त्यानंतर कंपनी सावरली नाही. दक्षिणेकडच्या एका मोठ्या कारखान्याने साचे आणि दाबयंत्र उचलले, आणि पोयवलीचे नाव त्यांच्या नावात विरघळून गेले. उरलेल्याचा निकाल लावायला मुंबईहून एक साहेब आला. त्याने फाटकावर इंग्रजी कागद चिकटवला, कुलूप लावले, आणि लाकूडफाट्याचा लिलाव होईपर्यंत राखण म्हणून गुणाजीला ठेवले. कायद्याने कंपनी मोडली.

राखणीच्या पहिल्याच सकाळी आठ वाजता गुणाजीचा हात सवयीने हातोड्याकडे गेला. रूळ वाजला. तो वाजल्यावर त्याच्या लक्षात आले, की आता कोणी यायचे नाही. तो पायरीवर बसला. आणि तेवढ्यात त्याला ओल्या पायांचा आवाज आला.

लख्ख ऊन होते. माणूस कोणी दिसत नव्हता. पण फाटकापासून मांडवापर्यंत ओल्या मातीची पावले एकामागे एक उमटत गेली. तो जागचा हलला नाही. उन्हे उतरल्यावर धीर करून मांडवात गेला. फळ्यांवर हाताने थापलेली कच्ची कौले मांडली होती. एका फळीवरच्या कौलांच्या कडेला नखाची चंद्रकोर होती.

गुणाजीने त्या खुणेवर आपला अंगठा ठेवला. माती अजून मऊ होती.

दुसऱ्या दिवशी त्याने मुद्दाम रूळ वाजवला. तिसऱ्या दिवशीही. मग रोज. पण संध्याकाळी त्याने हातोड्याला हात लावला नाही. सुट्टी दिली तर ती जाईल, हे त्याला कळत होते. गावात याविषयी तो कोणाशी बोलला नाही. पुढे लिलाव झाला, दारेखिडक्या गेल्या, पगार थांबला; माणसे गेलेला तो गाळाने माखलेला मांडव आणि त्याच्या फळ्या तेवढ्या कोणी घेतल्या नाहीत. तरी तो येतच राहिला. सकाळी हाक द्यायची, पावले ऐकायची, दिवस मावळताना चंद्रकोरीवर अंगठा ठेवायचा. असे वर्ष गेले, म्हणे.

एका सकाळी भिकाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिचा एकुलता लेक सोमा त्या तेरांतला. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नव्हते, काठीने चाचपत ती आली होती.

"गुणाजी, माझा सोमा रोज सकाळी उंबरा ओलांडून जातो," ती म्हणाली. "मला ऐकू येतं. आधी पाऊल हलकं होतं. आता पाय ओढतो रे. आणि संध्याकाळी परत येत नाय. तू त्याला बोलावतोस का?"

गुणाजीने हातातला हातोडा पाठीमागे घेतला.

"जिवंतपणी राबला, ते राबला. मेल्यावर पण राबवतोस?"

"भिकाई, माझी आवडी..."

"तुझी आवडी दमली नसंल?"

म्हातारी गेली. गुणाजी भर सकाळी मांडवात शिरला; एरवी त्या वेळी तो कधी आत जात नसे. फळीवरचे कौल त्याने उचलले आणि नीट पाहिले. वर्षभर तो फक्त कडेची खूण पाहत आला होता, बोटांचे ठसे त्याने कधी पाहिले नव्हते. आता त्याने पाहिले. पहिल्या दिवसांतली कौले कोपऱ्यात वाळून पडली होती, त्यांवरचे ठसे भरदार होते. आता मातीत उमटली होती ती नुसती हाडे. पाच बारीक रेघा, आणि सांध्यांच्या गाठी. तीच नखाची चंद्रकोर आता कोरल्यासारखी तीक्ष्ण झाली होती.

तो तिथेच खाली बसला आणि खूप रडला.

त्याच दिवशी त्याने देवीला कौल लावला: यांना सोडू का? उजवे पान एका दमात पडले. कसे सोडायचे ते गुरवाने सांगितले: ज्याने बोलावले त्याने सोडावे. आणि बोलावणारे दोघे होते. एक हजेरी घेणारा, आणि एक ती जागा मागून घेणारा.

मुकुंदशेट तेव्हा बंदरावर बहिणीच्या घरी राहत होता. डोक्याचे केस पांढरे झाले होते. गुणाजीचे सगळे ऐकून तो म्हणाला, "कंपनी कोर्टानं बंद केली, गुणाजी. मी आता कोणाचा शेट?"

गुणाजी म्हणाला, "शेट, तो कागद इंग्रजीत होता. त्या तेरांत एकालाही वाचता येत नव्हतं."

 मुकुंदशेट उठला, खुंटीवरची टोपी घेतली आणि त्याच्यामागून चालू लागला.

सुट्टीच्या वेळेला सगळे गाव फुटक्या बांधावर जमले. मुकुंदशेटने वहाणा काढल्या आणि गाळात उभा राहिला.  "जागा मी निवडली," तो म्हणाला. "आई नको म्हणत होती, तरी निवडली. बांध गळतोय हे मला ठाऊक होतं. सुरू मी केलं. आज बंदही मीच करतो. कामाचं आता काही उरलं नाही." एवढे बोलून तो हात जोडून राहिला.

गुणाजीने रूळ वाजवला आणि नाव घेतले. "सोमा, काम संपलं. घरी जा." मांडवात एका फळीवरची कौले पाणी होऊन ओघळली. बांधावर भिकाईने मान वळवली, जसे कोणी शेजारून गेले. गुणाजीने दुसरे नाव घेतले, तिसरे घेतले. एकेक नावाला एकेक फळी रिकामी होत गेली. बारा झाली.

तेराव्या नावाशी त्याची वाचा अडली. आपल्या बायकोला त्याने आयुष्यात कधी नावाने हाक मारली नव्हती. हजेरीतही तिची पाळी आली, की तो नुसता खाकरायचा, आणि बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. आता ऊन धुराड्याच्या टोकाशी गेले होते. लोक वाट पाहत होते. कोणी हसले नाही.

"हाक मार रे बाबा," भिकाई म्हणाली. "ती थांबलीय."

"आवडी," गुणाजी म्हणाला. "आवडी, काम संपलं."

सांगतात, की उत्तर आले. ते फक्त त्याने आणि आंधळ्या भिकाईने ऐकले. आपल्याकडे दाराबाहेर पडताना कुठलीही बाई जे म्हणते, तेच ती म्हणाली. ती म्हणाली, "येते."

गुणाजीचे हात हातोड्यावर गच्च आवळले. एका शब्दाची कसर होती. तो गप्प बसला असता, तर ती दुसऱ्या दिवशी आठ वाजता आली असती.

"नको," तो म्हणाला. "येते म्हणू नको. जाते म्हण."

खळग्यात वारा नव्हता. थोड्या वेळाने शेवटची फळी हलली आणि कोरडी झाली. ती काय म्हणाली, ते भिकाईने कोणाला सांगितले नाही, आणि गुणाजीला कोणी विचारले नाही. पुढे त्याने पुन्हा चाक मांडले. सड्यावर, कोरड्या जागेत. मातीच्या टोपल्या तो शेवटपर्यंत डोक्यावरून वर नेत असे.

एवढे सांगून जनू गुरव थांबतो.

आजही या पंचक्रोशीत कोणी दुकान बंद केले, गिरणी मोडली, सोसायटी गुंडाळली, तर धनी तिथली एक वस्तू घेऊन खळग्यात येतो. कोर्टाचे, कचेरीचे काय असेल ते असो; त्याशिवाय ते बंद झाले, असे गाव मानत नाही. तो वहाणा काढतो, जागा कोणी निवडली आणि सुरू कोणी केले ते मोठ्याने सांगतो, आणि तिथे राबलेल्या एकेकाचे नाव घेऊन सुट्टी देतो. गेल्या वैशाखात दूध डेअरीच्या शालिनीबाई आल्या होत्या. छत्तीस नावे होती, त्यांतली नऊ गेलेली. त्यांनी सगळी घेतली, न चुकता.

आणि परत निघताना तिथून कोणीही "येतो" म्हणत नाही. माणूस धुराड्याला हात जोडतो, "जातो" म्हणतो, आणि घाट चढेपर्यंत मागे वळून बघत नाही.