हिंदुरावचं टेबल

“...पण माझ्या घरात माझं काडतुसं भरायचं टेबल मांडायला तुमची परवानगी कशाला हवी, वस्ताद?”

बाबालाल शिकलगार बंदुकीच्या घोड्याला तेल देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

एकेकाळी ते संस्थानच्या शिकारखान्यात काडतुसं भरायचे. संस्थान गेलं, शिकारखाना गेला. आता तालुक्याच्या गावी बंदूकदुरुस्तीचं लहानसं दुकान उरलं होतं. हिंदुराव मोहिते अकरा वर्षं त्यांच्याकडे शिकत होता. त्यातली शेवटची चार वर्षं, आपल्याला आता सगळं येतं, असं तो गावभर सांगत होता.

“मागायला आलायस की सांगायला?” म्हाताऱ्याने विचारलं.

“सांगायला.”

“मग सांगून झालं. जा.”

हिंदुराव गेला नाही.

“परवाना आहे माझ्याकडे. सामान आहे. एकदा येऊन पाहा तरी. मग काय ते बोला.”

बाबालालनी हात पुसले, दुकानाला कुलूप घातलं. मैलभर रस्ता दोघं चालले.

टेबल सागवानी होतं, भिंतीत पक्कं बसवलेलं. वर उत्तरेची खिडकी. तोलायचा काटा काचेच्या पेटीत. बंदुकीची दारू एका कपाटात, बार पेटवणाऱ्या टोप्या दुसऱ्या भिंतीच्या कपाटात, दोन्हींना वेगळी कुलपं. चूल तीन खोल्या पलीकडे. रिकामी पितळी काडतुसं घासूनपुसून रांगेत उभी.

चूक काढायला जागा नव्हती. म्हाताऱ्याने शोधून पाहिली.

“हं,” ते म्हणाले. “भर.”

हिंदुराव बसला. टोपी, दारू, त्यावर दाबायचा जाड गट्टा, मग छर्रे, वरून पुठ्ठ्याची चकती. हात सराईत होते. एक काडतूस झालं. दुसरं झालं.

“बाजारात काय बोललास माझ्याबद्दल?”

हात अडखळले.

“हात थांबवू नकोस. सोमवारी, पानपट्टीवर. काय बोललास?”

“काही नाही.”

“खोटं! माझ्यासमोर बसून, मी शिकवलेलं काम करत, माझ्याच तोंडावर खोटं बोलतोस?”

म्हाताऱ्याने पुढचं रिकामं काडतूस त्याच्यापुढे सरकवलं.

“म्हणालास, बाबालालचा हात कापतो. त्याची काडतुसं आता घेऊ नका.”

“म्हणालो!” हिंदुराव उसळला. “कापतोच तुमचा हात! अकरा वर्षं पितळ घासतोय मी. एकदा तरी शाबास म्हणालात? लोकांसमोर एकदा तरी म्हणालात, की पोरगं तयार झालं? तुम्हाला भीती वाटते, वस्ताद. माझं टेबल मांडलं की तुमच्या दुकानाकडे कुत्रं फिरकणार नाही!”

“भीती?” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “बापानं माझ्या दारात आणून सोडलं, तेव्हा तुला साधा खिळा सरळ ठोकता येत नव्हता!”

“बापाचं नाव काढू नका!”

“काढीन! तो माणूस होता. त्यानं कुणाच्या पाठीमागे तोंड उघडलं नाही!”

हात चालूच होते. हिंदुरावने चकती दाबली आणि काडतूस दाणकन रांगेत ठेवलं.

बाबालालनी झडप घालून तेच उचललं.

“यात दारू किती माप?”

“एक.”

“दोनदा नाही ना पडली? नळी फुटेल हातात.”

“नाही.”

“नक्की?”

“म्हणजे काय? अहो, अकरा वर्षं मी...”

“अकरा वर्षांचं नाही विचारत. ह्याचं विचारतोय.”

हिंदुरावचा हात काट्याकडे गेला. म्हाताऱ्याने काचेच्या पेटीवर पंजा ठेवला.

“काटा नाही. तू सांग.”

“एकच आहे!” हिंदुराव ओरडला.

आरडाओरडा ऐकून त्याचा धाकटा भाऊ सर्जेराव अंगणातून आत आला. भुईमुगाच्या रानात डुकरं शिरायची, राखणीला तोच जायचा. ही काडतुसं त्याच्यासाठीच होती.

“बंदूक आण,” बाबालाल त्याला म्हणाले. “ओढ्याकडे तोंड करून एक बार काढायचाय. दादाकडून काडतूस घे.”

सर्जेरावने बंदूक आणली. बाबालालनी ते काडतूस हिंदुरावच्या हातावर ठेवलं आणि ते बाजूला झाले.

सर्जेरावने बंदूक उघडली. हसत हात पुढे केला.

“द्या, दादा.”

हिंदुराव हलला नाही.

“दादा?”

तळहात तसाच पुढे होता...

“जा तू,” हिंदुराव म्हणाला.

“पण वस्ताद म्हणतायत...”

“जा म्हटलं ना! बंदूक ठेव तिथं आणि चालता हो!”

सर्जेरावचं तोंड उतरलं. बंदूक भिंतीला टेकवून तो निघून गेला.

हिंदुरावने चिमट्याने चकती उपटली. छर्रे टेबलभर सांडले, फरशीवर टणटण उड्या मारत गेले. त्याने गट्टा काढला. दारू पारड्यात ओतली. श्वासाने पारडं हलायला लागलं, तेव्हा त्याला तोंड दुसरीकडे फिरवावं लागलं.

काटा डोलला. थांबला.

एक माप. ना कणभर कमी, ना कणभर जास्त.

“पाहा!” त्याने टेबलावर मूठ आपटली. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही रागाचंच. “या इकडे, पाहा! मी सांगत होतो ना? निघालं की नाही बरोबर?”

बाबालाल दारात पायताण घालत होते.

“निघालं,” ते म्हणाले. “तेच वाईट झालं. आता तुला वाटणार, तुला ठाऊक होतं.”