राजवैद्याची पगडी

डोंगरपायथ्याच्या एका गावी पूर्वी एक वृद्ध वैद्य राहत असत. तारुण्यात ते राजदरबारी राजवैद्य होते. पुढे ते पद आपणहून सोडून ते गावी परतले आणि चार-दोन शिष्यांना विद्या देऊ लागले.

त्यांतला श्रीरंग मोठा हुशार होता, पण त्याचे चित्त सदैव राजधानीकडे लागलेले. वनस्पती खलताना, काढे उकळताना तो मनातल्या मनात दरबारात वावरत असे. एके सकाळी वैद्यबुवांनी त्याला सहज विचारले, “श्रीरंगा, तुझे ध्येय काय?”

“राजवैद्य व्हायचे, गुरुजी!” उत्तर ओठांवरच होते.

वैद्यबुवा उठले. आतल्या पेटीतून त्यांनी आपली जुनी जरीची पगडी काढली, झटकली आणि श्रीरंगच्या मस्तकावर ठेवली. हाताला धरून त्याला ओसरीवरच्या आपल्या आसनावर बसवले आणि सर्वांना बजावले, “आजपासून हे राजवैद्य. यांना कोणी काम सांगायचे नाही.”

गुरुजी थट्टा करताहेत की काय, हे श्रीरंगला उमगेना. पण पगडी खरी होती! येणारे-जाणारे नमस्कार करू लागले. सहाध्यायी हसू दाबत का होईना, “राजवैद्य, पाणी आणू का?” म्हणून विचारू लागले. तो दिवस मोठ्या मजेत गेला.

दुसऱ्या दिवशी मात्र वेळ सरेना. अंगणात बाकीचे शिष्य मुळ्या निवडत होते, त्यांच्या गप्पा रंगल्या होत्या. श्रीरंग ताठ बसून मान अवघडवून घेत होता. ज्याच्यासाठी इतकी वर्षे झुरलो ते मिळाले, मग आता करायचे काय? या प्रश्नाने तो घाबराघुबरा झाला.

तेवढ्यात वरच्या धनगरवाड्यावरची एक म्हातारी कण्हत आली. शेळीमागे धावताना ती दरडीवरून घसरली होती; खांदा निखळून हात लोंबत होता.

“वैद्यबुवा, जीव चाललाय माझा!”

“राजवैद्य समोर बसलेत, त्यांना सांगा,” वैद्यबुवा शांतपणे म्हणाले.

म्हातारीने आसनाकडे पाहिले. “ह्यो? ह्यो तर नुसता बाहुला बसवल्यावानी दिसतोय!”

सारे हसले. श्रीरंगला ते ऐकूही आले नाही. त्याची नजर तिच्या खांद्यावर खिळली होती. तो ओसरीवरून उडी मारूनच खाली आला. पगडी कुठे पडली याचे त्याला भान नव्हते. “आजी, आडव्या व्हा बघू. शेळीचं नाव काय तुमच्या?” असे विचारत त्याने कोमट तेल चोळून स्नायू सैल केले, हात अलगद धरून सावकाश ताणला. म्हातारी शेळीच्या खोड्या सांगण्यात रंगली असतानाच सांधा खट्कन जागेवर बसला.

तिने एक सणसणीत शिवी हासडली, मग बोटे हलवून पाहिली आणि तिचे बोळके हसू लागले. श्रीरंगही हसत होता. कालच्या साऱ्या नमस्कारांत मिळून हा आनंद नव्हता.

तो गुरुजींकडे वळला. “गुरुजी, हे असे का केलेत?”

वैद्यबुवा म्हणाले, “मलाही तुझ्या वयात राजवैद्यच व्हायचे होते. झालो, आणि त्यानंतर काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे बरीच वर्षे नुसता मिरवत राहिलो. तुझी ती वर्षे वाचावीत असे वाटले. कोण व्हायचे हे माणूस इतरांकडे पाहून ठरवतो. ते झाल्यावर उद्या सकाळी उठून काय करावेसे वाटते, हे मात्र ज्याचे त्यालाच शोधावे लागते. तेच धरून ठेव. वाटेत मानपान मिळाले तर खुशाल घे. पगडीने ऊन लागत नाही.”

म्हातारी निघता निघता धनगरवाड्याची हकीकत सांगू लागली. तिथे दरडीवरून माणसे घसरून पडणे नेहमीचेच. नीट न बसवलेल्या हाडांमुळे कितीतरी जण लंगडत, हात आखडून जगत होते. ते ऐकून श्रीरंगने तेलाची बुधली आणि पट्ट्या झोळीत टाकल्या.

“गुरुजी, आजींबरोबर वर जाऊन येतो. सर्वांची हाडे तपासायची आहेत. आणि परत आल्यावर अस्थिविद्या मला पुन्हा मुळापासून शिकवा.”

“आणि राजवैद्यपदाचे काय?” वैद्यबुवांनी डोळे मिचकावले.

“सध्या सवड नाही, गुरुजी!” असे म्हणत तो म्हातारीच्या मागोमाग चढण चढू लागलासुद्धा.