भिवा कल्हईवाला आणि मुकं कथील

घाटाखाली एक पेठ होती. घरोघर तांब्यापितळेची भांडी वापरत, त्या काळची ही गोष्ट. त्या पेठेत भिवा नावाचा एक कल्हईवाला राहायचा. वीस वर्षं पेठेत कल्हई म्हणजे भिवा आणि भिवा म्हणजे कल्हई. कोणाच्या पातेल्यात ताक कळकलं की बायका म्हणायच्या, "भिवाकडे टाकून या."

भिवाचा हात चांगला होता. पण दुसरं दुकान नव्हतं, त्यामुळे दिलेलं भांडं परत कधी मिळणार हे त्याच्या मर्जीवर असे. "पुढल्या बाजारी या," असं तो मान वर न करता सांगायचा, आणि पुढल्या बाजारीही तेच सांगायचा.

पेठेचा कारभार एक म्हातारे शेटे बघत. वजनंमापं तपासणं, व्यापाऱ्यांची भांडणं मिटवणं हे त्यांचं काम. पेठेचे नेम दोनच होते. गिऱ्हाइकाला फसवायचं नाही, आणि दुसऱ्याचा धंदा आडून बंद पाडायचा नाही. पहिला नेम भिवा मनापासून पाळायचा. दुसऱ्या नेमाचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

एका उन्हाळ्यात सुभाना नावाचा तरुण कल्हईवाला पेठेत आला. भिवाच्या दुकानासमोर, रस्त्यापलीकडे त्याने जमिनीत खड्डा खणला, भाता बसवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, "तुमच्यासमोर कल्हई करून देतो. दिवाळीच्या आत गेली तर परत आणा, फुकट करून देईन. कशाने गेली ते विचारणार नाही."

भिवा बायकोला म्हणाला, "दिवाळीपर्यंत हा इथे टिकला तर बघू."

त्याची बायको सगुणा भाता मारायची. ती भाता मारतच राहिली.

सुभाना टिकला. बायका त्याच्यासमोर पाट टाकून बसायच्या. तापलेल्या पातेल्यात नवसागर पडून पांढरा धूर उठला, कथील फिरलं आणि काळं भांडं चांदीसारखं झालं, की त्या हसायच्या. ते हसणं रस्ता ओलांडून भिवाच्या कानात शिरायचं. आपल्याकडे किती भांडी आली हे त्याला सांगता आलं नसतं, पण सुभानाकडे किती गेली ते तो बरोबर सांगायचा. एकदा तिकडे बघता बघता त्याच्याच हातातलं तपेलं नको तितकं तापलं आणि कल्हई काळी पडली.

"अहो, लक्ष कुठे आहे?" सगुणा म्हणाली.

"भाता हळू मार," भिवा म्हणाला.

मग त्याने एक डाव टाकला. सुभानाने कल्हई केलेलं एक पातेलं मिळवलं, आतून वाळूने खसाखसा घासलं आणि मेव्हण्याच्या हाती परत पाठवलं. लोकांसमोर सुभानाची फजिती होईल, असा त्याचा हिशेब होता.

मेव्हणा आला तो हसतच. "भाऊजी, त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, हे वाळूने घासलंय. पण शब्द दिलाय म्हणाला, आणि दिलं की करून. माणूस चांगला आहे हो."

हे शेवटचं वाक्य भिवाला जेवणातल्या खड्यासारखं लागलं. सुभाना भांडला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

त्या पेठेत कथील एकच वाणी विकायचा. लांबच्या बंदरातून तो कांड्या आणायचा. भिवा त्याच्याकडे गेला. "त्या नव्याला कथील देत राहिलास तर मी माझं थेट बंदरावरून मागवीन. वीस वर्षांचं गिऱ्हाईक आहे मी तुझं. ठरव."

वाण्याने थोडा विचार केला. "देत नाही. पण ही गोष्ट दोघांतच राहू दे."

पुढल्या आठवड्यात सुभानाला कथील मिळालं नाही. त्यापुढल्या आठवड्यातही नाही. शेवटी तो रस्ता ओलांडून भिवाच्या दुकानात आला.

"दादा, दोन कांड्या उसन्या देता का? वाण्याकडे आलं की परत करतो."

भिवाच्या मागे कांड्यांची चळत होती. तिच्यावर पोतं टाकलेलं होतं. "माझंच भागत नाही," तो म्हणाला.

सुभानाने मान हलवली. चार दिवसांनी त्याने भाता गुंडाळला आणि तीन कोसांवरच्या एका खेड्यात ठोके मारून भांडी सरळ करायला निघून गेला.

आता भिवाला सुख लागायला हवं होतं. तसं झालं नाही. भांडी सगळी त्याच्याकडे आली, पण भांडं ठेवताना प्रत्येक बाई म्हणायची, "सुभाना असता तर बसल्या जागी झालं असतं." समोरच्या सुभानाशी बरोबरी तरी करता आली असती. निघून गेलेल्याशी कशी करणार? रिकामा खड्डा दिसला तरी भिवा तोंड फिरवायचा.

अशात देवळातल्या गुरवाच्या मुलीचं लग्न ठरलं. सात मोठे हंडे कल्हईला आले. जेवायला पाचशे माणूस, आणि बेतात कढी होती. जुनी चळत संपत आली होती, म्हणून भिवाने वाण्याकडून नवीन कांड्या मागवल्या.

चोख कथलाची कांडी वाकवली की आतून कुरकुर आवाज येतो. भिवा प्रत्येक कांडी कानाजवळ धरून वाकवायचा. ही कांडी वाकली, पण बोलली नाही. दुसरीही बोलली नाही. त्याने ती धोतरावर ओढली, तर काळी रेघ उठली. कथलात शिसं होतं.

तो तडक वाण्याकडे गेला. "हे कथील माणसांच्या पोटात जायचं नाही. अशा हंड्यातली आंबट कढी म्हणजे विष."

"एका जेवणाने कोणी मरत नाही," वाणी म्हणाला. "बंदरावर हेच स्वस्त मिळतं."

"परत घे."

"नाही घेत. आणि फार आवाज केलास तर सुभानाला कथील का मिळालं नाही, ते मी शेट्यांना सांगेन. तुझ्या सांगण्यावरून बंद केलं होतं. आठवतंय ना?"

भिवा घरी येऊन बसला. चूल भडकलेली होती, हंडे रांगेने उभे होते. सगुणाने विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं. पोतं टाकलेल्या चळतीसकट.

भात्यावरचा हात काढून ती म्हणाली, "मी भाता मारते, मारीन. पण या कथलासाठी मारणार नाही."

भिवा उठला आणि शेट्यांच्या घराकडे चालू लागला. शिक्षेची भीती वाटत होतीच. पण त्याहून जास्त खुपत होतं ते वेगळंच. मी तोंड उघडलं की सुभाना परत येणार. पुन्हा त्या हसणाऱ्या बायका, तो पांढरा धूर, आणि समोर मी. दोनदा तो अर्ध्या वाटेतून माघारी वळला. दोन्ही वेळा त्याच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या पंगतीत बसलेली पोरं आली, आणि पाय पुन्हा पुढे पडले.

शेट्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तू सांगितलं नसतंस तर मला कळलं असतं का?"

"कळलं असतं. लग्नानंतर."

"हं. तू आपणहून आलास आणि हंडे चुलीवर चढायच्या आधी आलास, म्हणून दुकान कायमचं जात नाही. तीन महिने मात्र बंद. वाण्याला यापुढे या पेठेत कथील विकता येणार नाही. आजपासून पेठच कथील मागवील आणि भर बाजारात, मागेल त्याला देईल. आत्ताची निकड आहे, तर शेजारच्या पेठेतून चोख माल मी मागवतो."

"आणि हंडे कोण करणार?"

"सुभाना. आणि त्याला बोलवायला तू जायचंस."

यापेक्षा चार फटके बरे, असं भिवाला वाटलं. पण तो गेला. सुभाना एका घराच्या पडवीत बसून घागरीचे पोचे काढत होता. भिवाने उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

सुभानाचा हात थांबला. "मला वाटत होतं माझंच काही चुकलं, म्हणून वाणी देत नाही. रोज आठवायचो, आपण त्याला काय बोललो." मग तो पुन्हा घागर ठोकू लागला. सगळे पोचे निघेपर्यंत त्याने वर पाहिलं नाही. भिवा उन्हात उभा राहिला.

शेवटी घागर बाजूला ठेवत सुभानाने विचारलं, "हंडे किती आहेत?"

"सात."

"चला."

लग्न पार पडलं, पाचशे माणसं जेवून सुखरूप घरी गेली. भिवाचं दुकान तीन महिने बंद राहिलं. तो ओट्यावर बसून समोरची गर्दी बघायचा आणि जळायचा. हेवा काही गेला नव्हता. फक्त आता सुभानाचा हात कसा चालतो, हेही तो बघायला लागला. बायका कशावर खूश होतात, कशाला नाक मुरडतात, तेही.

दुकान उघडलं तेव्हा भिवाने गिऱ्हाइकांसाठी चार पाट मांडले. ज्या दिवशी भांडं येईल त्याच दिवशी द्यायचं, असं ठरवलं. हे बघून सुभानाने आपल्या खड्ड्यावर मांडव घातला, म्हणजे बायकांना ऊन लागू नये.

एक दिवस बाहेरगावची एक बाई डोक्यावर पातेलं घेऊन रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. तिने भिवाला विचारलं, "दादा, इथे कल्हई कोण चांगली करतं?"

'मीच' हे जुनं उत्तर भिवाच्या तोंडी आलं होतं. त्याने समोरच्या मांडवाकडे पाहिलं.

"दोघंही करतो," तो म्हणाला. "त्याचं काम बघा, माझं बघा, आणि मग ठरवा."

मुलांनो, आणि मोठ्यांनोही, ध्यानात ठेवायचं ते एवढंच: दुसऱ्याच्या दुकानाचा हेवा वाटला तर आपला हात सुधारावा, त्याची वाट अडवू नये. वाट अडवायला ज्याची मदत घ्यावी, आपली मान त्याच्याच हाती जाते, आणि विष गिऱ्हाइकाच्या ताटात पडतं.